मोहाखाली लावलेली काडी

त्या दिवशी कोन कोन होतं ते आधी सांगून टाकते, म्हनजे मंग मधातच कोनी उठून म्हनाले नको का बुढी गोष्ट रचून राह्यली. मी होती. आमच्या चर्चाचे पाळकसाहेब होते. माझ्या संडे स्कूलची सात लेकरं होती: एक चष्मेवाली पोट्टी, दोघं जुळे भाऊ, एकाच घरच्या तिघी चुलत बहिनी, अन् सगळ्यात लहान एक, जो बाकावर बसला का झोपे. माझी शेजारीन होती. ती आमच्या मंडळीची नाई, त्यायचं घर बौद्धाचं, पन माझ्या अंगनात दिवसातून चार खेपा तिच्या. अन् जंगलाचे गार्डसाहेब होते. बस, एवढेच. नावं मी कोनाचीच देत नाई. लेकरं आता मोठी झाली, लाजतील. गार्डसाहेबाची बदली झाली, त्यायले काऊन तरास.

मी चौथी शिकली. मोठ्या अक्षराचं वाचता येते. लिहाले बसली का हात कापते. म्हनून मी बोलून राह्यली अन् चष्मेवाली मोबाइलवर लिहून राह्यली. ती आता चंद्रपूरले नर्सिंगचं शिकते, सुट्टीत आली आहे. मंडळीच्या छोट्या पुस्तकात छापाले द्यायचं म्हनते. "आजी, माझं कमी सांग," म्हनते. मी नाई ऐकत.

माझं माहेर आरमोरीकडं. लग्न होऊन मी या गावात आली, तवा गाव म्हनजे तीस घरं अन् बाकी सगळं जंगल. लेकराचे बाबा मलेरियानं गेले. ताप डोक्यात चढला, दोन दिवसात खतम. पोरगा सहा वर्षाचा होता, पोरगी मांडीवर. रोवण्याचे दिवस होते. मी तिसऱ्या दिवशी चिखलात उभी होती, धानाच्या रोपायचे पेंडके हातात. लोकायनं नावं ठेवली. पन ज्यायनं नावं ठेवली त्यायनं तांदूळ काई आनून देल्ले नाई, त मी बी त्यायचं मनावर घेतलं नाई. चिखलात उभं राह्यलं का रडनं कमी येते, पाय उपसायचंच काम रायते.

आमच्या घरचं एक मोहाचं झाड आहे. जमीन जंगलाची, झाड आमचं. कागद नाई त्याचा. आमच्याकडं असंच आहे, कोनतं झाड कोनाच्या घरचं ते सगळ्या गावाले पाठ रायते, अन् दुसऱ्याच्या झाडाखाली कोनी टोपली घेऊन जात नाई. सासऱ्यानं ते झाड सासूले देल्लं, सासूनं मले. भर पावसात, घरात दाना नसे तवा त्या झाडानं माझी दोन लेकरं जगवली. वाळवलेला मोह विकून तांदूळ आनला, तांदूळ नाई भेटले त मोहच उकडून खाल्ला. पोरगी लहानपनी म्हने, "माय, आज गोड भाजी काऊन?" मी म्हने, "सन आहे आज." लय सन झाले आमच्या घरी त्या वर्षी.

आता मोहाची खोड अशी का तो पहाटे पडते. रात संपत आली का टप टप सुरू होते. अन् तो रविवारी बी पडते. त्याले संडे माहीत नाई. देवानं सांगतलं का सहा दिवस काम कर, एक दिवस माझा ठेव. लेकराचे बाबा गेले त्याच वर्षी मी ठरवलं, रविवारचा मोह मी वेचनार नाई. हातात काईच नोहतं देवाले द्यायले, म्हनलं हे घे. मंग ते फूल जनावरायनं खाल्लं त खाल्लं. दोन-तीन रविवार हरनायनं खाल्लं. चवथ्या रविवारी शेजारीन आली.

"काऊन व बाई, आज तुझा मोह असाच पडून राह्यला?"

"आज देवाचा दिवस आहे. मी नाई वेचत."

"मी वेचू?"

"वेच."

तवापासून दर रविवारी पहाटे माझ्या झाडाखाली ती. घरी जातांनी माझ्या दारात उभी राहून म्हने, "तुझा देव लय चांगला आहे व. मले दर आठवड्याले टोपलीभर देते अन् चर्चात बी बोलवत नाई." मी म्हने, "बोलवून त राह्यला आहे, तुले ऐकू येत नाई." ती हासत हासत जाय.

हे झालं देवाच्या कायद्याचं. आता सरकारच्या.

मोहाखाली पाला पडते, बोटभर जाड. फूल पिवळं, पाला बी पिवळा, दिसत नाई काई. म्हनून मोह पडायच्या आधी झाडाखाली काडी लावून जागा साफ करायची. सासूनं शिकवलं होतं: पहाटे लावायची, दव असते, जाळ मांजरीवानी पाय टाकत चालते. हिरवी फांदी घेऊन बाजूले उभं राहायचं, पुढं चालला का फांदीचा टप्पू द्यायचा. सगळं गाव असंच करे. जंगलवाले दर साली गाडीवर भोंगा लावून सांगत, "जंगलात आग लावू नका, गुन्हा आहे." आमी बाया रस्त्याच्या बाजूले उभ्या राहून मान डोलावत होतो. मान डोलवायले काय लागते. अन् गावचा आपला एक कायदा होताच: काडी कोनाची बी असो, गार्डसमोर तोंड बंद.

त्या साली झावळ्याचा रविवार अन् मोह सोबतच आले. शनिवारी सकाळी मी सात लेकरं घेऊन पाळकसाहेबाच्या धानाच्या बांधीवर शिंदीच्या झावळ्या तोडायले गेली. येशू यरुशलेमात आला तवा लोकायनं झावळ्या हालवल्या होत्या, त आमची लेकरं बी दर साली झावळ्या घेऊन गावातून गाने म्हनत फिरते. शिंदीले काटे किती, लेकरं किती, दुपार झाली. घरी येतांनी झाडाकडं पाह्यलं त मोह सुरू झाला होता. अन् खाली पाला जसाच्या तसा.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. आज साफ नाई केलं त उद्या रविवार, उद्या मी काम करनार नाई. सोमवारपर्यंत दोन रातीचं फूल पाल्यात हरपून जाईन. देवाचा दिवस पाळायचा म्हनजे काम आजच संपवा लागते. असं मी मनाले समजावलं अन् भर दुपारी काडी लावली. चाळीस वर्षात मी कधी दुपारी लावली नोहती.

जाळ मांजरीवानी नाई चालला. कुत्र्यावानी पळाला. वारा सुटला होता अन् झाडाच्या पलीकडं जंगलवाल्यायचं बांबूचं रोपवन, त्याले काट्याचं कुंपन, वाळून खडखड झालेलं. मी फांदी घेऊन मारून राह्यली, इकडं विझवते त तिकडं उठते. मी ओरडली. शेजारीन धावत आली. लेकरं अजून घरी पोचली नोहती, ते बी धावत आले. हातात काय होतं? झावळ्या. त्याच झावळ्यायनं त्यायनं जाळ झोडपला. चष्मेवाली मधात उभी राहून सांगे, "तिकडं! इकडं मार!" जुळे भाऊ एकामेकाले बी मारून राह्यले होते धुरात. सगळ्यात लहानाले मी दूर उभं केलं होतं, तो बी आपली झावळी जमिनीवर आपटत होता, जिथी आग नोहती तिथी.

आग विझली. पाच-सहा हात कुंपन गेलं अन् थोडे बांबूचे रोपं. लेकरायचे तोंडं काळे, झावळ्या काळ्या. शेजारीन म्हने, "घरी चला सगळे. काई झालं नाई. कोनी काई पाह्यलं नाई." लेकरायनं मान डोलवली. गावचा कायदा त्यायले शिकवा लागत नाई, दुधातच येते.

दुसऱ्या दिवशी रविवार. नव्या झावळ्या आनायले वेळ कुठी होता? तेच काळे दांडके घेऊन लेकरं निघाली. "होसान्ना, होसान्ना" म्हनत गावातून फिरून राह्यली अन् अंगावरच्या पांढऱ्या कपड्यायवर काजळी पडून राह्यली. चौकात गार्डसाहेब मोटारसायकल टेकवून उभे. त्यायनं पाह्यलं, मंग अजून एकदा पाह्यलं.

"काऊन रे, यंदा झावळ्या काळ्या?"

सगळी लेकरं चूप. गाना बी बंद. मंग एक जुळा म्हनला, "साहेब, येशू गाढवावर बसून आला होता."

"मी गाढवाचं नाई विचारलं."

"हाव, पन आला होता," दुसरा जुळा म्हनला.

गार्डसाहेबानं माझ्याकडं पाह्यलं. मी गान्याचं पुस्तक उलटं धरून वाचून राह्यली होती. ते गाडीले किक मारून गेले.

उपासना झाल्यावर संडे स्कूल. पाळकसाहेबानं सालभराचे धडे कागदावर लिहून देल्ले होते, त्यात त्या दिवशीचा धडा काय असावा? 'सरकारचे कायदे अन् देवाचे कायदे, दोन्ही पाळायचे.' मी तो कागद सकाळीच पाह्यला होता. मनात आलं, आज नोहाच्या तारवाचं सांगून टाकू, त्यात पानीच पानी आहे, आगीचं काई नाई. पन चष्मेवालीनं कागद आधीच वाचून ठेवला होता. ती तवाही अशीच होती. आता लिहितांनी दात काढून राह्यली.

मंग मी सुरू केलं. सांगतलं का लोकायनं येशूले विचारलं, राजाले पट्टी द्यायची का नाई? येशूनं नानं मागतलं अन् विचारलं, यावर कोनाचं तोंड आहे? राजाचं, म्हनले. त मंग राजाचं राजाले द्या अन् देवाचं देवाले.

एक चुलत बहीन म्हने, "आजी, आपल्या नोटेवर त आजोबा आहे. त्यायले द्यायचे का?"

"नाई व. म्हनजे सरकारचं जे आहे ते सरकारले."

"मंग हेल्मेट घालनं सरकारचा कायदा आहे का देवाचा?" जुळ्यानं विचारलं.

"सरकारचा."

"पाळकसाहेब घालत नाई."

पाळकसाहेब बाहेर व्हरांड्यात चटया गुंडाळून राह्यले होते. त्यायले जोरात खोकला आला. पुढच्या रविवारी ते हेल्मेट घालून आले, जावयाचं होतं, डोक्यात जात नोहतं, पन घालून आले.

हासनं संपलं अन् तवाच दारात शेजारीन आली. हातात रिकामी टोपली.

"बाई, तुझ्या लेकरायचं चालू दे, मी एक सांगून जाते. सकाळी मी तुझ्या झाडाखाली वेचून राह्यली होती न, त गार्ड आला. जळलेलं पाहून म्हनला, हे झाड तुमचं का? मी बोललीच नाई. त्याले वाटलं माझंच. नाव लिहून नेलं माझं. उद्या जंगलवाल्यायच्या नाक्यावर बोलावलं आहे. तू बेफिकीर राह्य. मी काई सांगत नाई. चाल्ली मी." अन् ती जशी आली तशी गेली, पदर खोचत.

मी खुर्चीत बसली होती.

लेकरं माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली. मंग चष्मेवालीनं हात वर केला. ती हात वर केल्याबिगर बोले नाई.

"आजी, काडी तू लावली."

"हाव."

"मंग नाक्यावर ती काऊन जाईन?"

म्हनलं, "गावात असंच रायते, बाई. कोनी कोनाचं नाव सांगत नाई."

"पन दुसऱ्याचं नाव सांगाचं नाई न? आपलं बी सांगाचं नाई का?"

तिनं मुद्दाम टोचाले नाई विचारलं. खरंच विचारलं. डोळे मोठे करून, चष्म्यातून. लहान बी त्या दिवशी जागा होता. मले तवा समजलं का मी रविवार पाळायले काडी लावली, रविवारचा मोह देल्ला म्हनून शेजारीन तिथी सापडली, अन् आता रविवारच्या खुर्चीत बसून मी लेकरायले कायदा शिकवून राह्यली.

भेव एकच होतं. सजा देऊ दे, ओरडू दे, मी लय ओरडनं ऐकलं आहे. पन ते झाड जंगलाच्या जमिनीवर. गार्डनं म्हनलं का आजपासून याच्याखाली यायचं नाई, त माझ्याजवळ काय कागद आहे दाखवायले? पोरगा बल्लारपूरले मजुरीवर, त्याचंच त्याले पुरत नाई. माझा पावसाळा त्या झाडात होता.

मी उठली. चप्पल घातली.

"कुठी चाल्ली आजी?"

"नाक्यावर."

जुळे म्हनले, "आज संडे आहे! संडेले काम नाई करा लागत!"

"हे काम नाई. हे धड्यातलंच आहे. चला घरी तुमी."

कोनी घरी गेलं नाई. मी पुढं, मागून सात लेकरं, खांद्यावर काळ्या झावळ्या. पाळकसाहेब चटई टाकून मागून आले, विचारत, "काय झालं? काय झालं?" चष्मेवालीनं त्यायले चालता चालता सगळं सांगतलं. ते म्हनले, "मी बोलतो साहेबाशी." मी म्हनली, "नाई जी, काडी माझी आहे. तुमी फक्त उभे राहा."

गार्डसाहेब नाक्यावर जेवत होते. भात अन् वांग्याची भाजी. एवढी वरात पाहून घास हातातच राह्यला.

"काय आहे, आजीबाई? तिकडं गाना बंद पडला का?"

"साहेब, काल मोहाखाली काडी मी लावली. झाड माझ्या घरचं आहे. शेजारीन रविवारचा मोह वेचते, मीच देल्ला तिले. तिचं नाव काढून टाका, माझं लिहा."

त्यायनं हात धुतला. बसले. मंग म्हनले, "कोनी पाठवलं तुमाले?"

मी चष्मेवालीकडं बोट केलं. ती पाळकसाहेबाच्या मागं लपली.

"आजीबाई, मी आठ वर्षं झाली या नोकरीत. इथी कोनी आपल्या पायानं आलं नाई. मले हे कसं लिहाचं तेच समजत नाई." खरंच त्यायले समजत नोहतं. दोन कागद लिहिले, दोन्ही फाडले. तिसऱ्यावर माझा जबाब लिहिला. वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'दुपारच्या सुमारास निष्काळजीपणाने.' मी विचारलं, ते निष्काळजीपणा म्हनजे काय. ते म्हनले, "बेफिकीर." मी म्हनली, "बेफिकीर नोहती साहेब, लय फिकीर होती, म्हनून त झालं." ते हासले, पन शब्द तोच ठेवला.

सही माझी मीच केली. पाच अक्षरं, वेळ लागला. सातही लेकरं वाकून पाहून राह्यली होती. एक बहीन म्हने, "आजी, वेलांटी राह्यली." वेलांटी देल्ली.

मंग गार्डसाहेबानं झावळ्यायकडं पाह्यलं. "या मुद्देमालाचं काय करायचं? जप्त करा लागन."

सहा लेकरायनं झावळ्या खाली ठेवल्या. लहानानं नाई ठेवली. छातीशी धरून रडायलेच लागला, "माझी आग नोहती!" गार्डसाहेब म्हनले, "राहू दे बाप्पा, तुझी राहू दे. कायदा तेवढा सोसन."

"साहेब," मी विचारलं, "झाडाचं काय?"

तवा ते हासले नाई. म्हनले, "ते माझ्या हातात नाई, आजीबाई. मोठे साहेब येऊन पाहातील. तोपर्यंत त्याच्याखाली जाऊ नका."

सोमवार गेला, मंगळवार गेला. मोह पडून राह्यला, मी घरातून ऐकून राह्यली. शेजारीन माझ्याशी बोलत नोहती. बोलली त एवढंच, भिंतीवरून: "मी तोंड उघडलं होतं का? नाई न? मंग तू काऊन उघडलं? आता दर साली तो सगळ्यायले विचारन, काडी कोनाची!" गावातल्या दोन-चार घरायनं बी तोंड फिरवलं. त्यायचं बी खोटं नोहतं. मी भाकर केली, खाल्ली, झाडू मारला, रात्री प्रार्थना केली. दुसरं काय करते मानूस.

बुधवारी मोठे साहेब गाडीत आले. उंच, पातळ, कमी बोलनारे. जळलेली जागा पाह्यली, कुंपन पाह्यलं, झाड पाह्यलं. माझा जबाब उभ्यानं वाचला. विचारलं, "किती वर्षं वेचता इथी?"

"लग्न झालं तवापासून, साहेब. त्याच्या आधी सासू."

जबाबाची घडी करून त्यायनं गार्डसाहेबाले देल्ली. मंग म्हनले, "जळलेलं कुंपन तुमी भरून द्या. झाडाखाली वेचा. पन पुन्हा इथी काडी लागली, कोनीही लावो, त झाड विसरा."

मी हाव म्हनली. तोंडी नाई, कागदावर, वेलांटीसकट.

कुंपन मी दोन दिवसात भरलं. शेजारीन दुसऱ्या दिवशी आपोआप कोयता घेऊन आली, बोलली नाई, काटे तोडून देत राह्यली. दुपारी म्हने, "पानी आहे का व?" असं आमचं बोलनं सुरू झालं.

पन पाला? काडी नाई त पाला कसा काढायचा? मी खराटा घेऊन बसली. झाडाचा घेर मोठा, माझे गुडघे जुने. एका सकाळी चार हात साफ झालं, वाऱ्यानं दुपारी पुन्हा भरून टाकलं. शनिवारी सकाळी पाह्यलं त सात लेकरं, सात खराटे. कोनी सांगतलं त्यायले? पाळकसाहेब म्हनले मी नाई. गार्डसाहेब बी तिथून जातांनी थांबले, म्हनले, "सिरोंच्याकडं मी होतो तवा एका गावात झाडाखाली जुन्या साड्या अंथरत. फूल साडीवर पडते, पाल्याचा तरासच नाई."

बस. लेकरं पळाली. अर्ध्या घंट्यात साड्या आल्या. फाटलेल्या, विटलेल्या, कोनाच्या आजीची, कोनाच्या मावशीची. जुळ्यायनं एक हिरवी आनली, काठाची, घडी सुदीक मोडली नोहती. मी म्हनली, "हे जुनी आहे का रे?" "हाव आजी, लय जुनी, पेटीत खाली होती." साडी अंथरली, चार कोपऱ्यायले गोटे ठेवले अन् तवाच त्यायची माय येतांनी दिसली. हातात लाटनं.

"कुठी आहे ते दोघं? उद्या ईस्टरले मी काय नेसू? बोरीचं पोतं?"

जुळे मोहावर चढले. माय खाली उभी राहून अशा शिव्या देऊन राह्यली होती का मी लेकरायले कान झाका म्हनलं. मंग जुळ्यातला एक वरून म्हनला, "माय, चोरी नाई केली, देवाच्या कामाले देल्ली!" त मी खालून सांगतलं, "बेटा, मले बी मागच्या शनिवारी असंच वाटलं होतं. खाली ये, तिची साडी तिले दे." त्यायनं देल्ली. तिनं झटकली, पाहून घेतली, मंग घरी गेली अन् दोन जुन्या घेऊन आली. एका कोपऱ्याचा गोटा तिनंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. पहाटेची उपासना होती आमची, सूर्य निघायच्या आधी. चर्चात जातांनी मी झाडाकडून गेली. साड्या अंथरलेल्या, लाल, निळ्या, फुलाफुलाच्या, अन् त्यायवर मोह पडून राह्यला, टप टप. काजळी नाई, राख नाई. शेजारीन आपली टोपली घेऊन हजर. साडीचे दोन कोपरे तिनं धरले अन् उचलले, सगळं फूल मधात गोळा झालं, एका मिनटात टोपली भरली.

"काय व," ती म्हने, "असं असन त तुझा देव मले हप्त्यातून दोनदा देईन का?"

"चाल मंग आज माझ्यासोबत, त्यालेच विचार."

"जाय व," म्हने. पन उपासना संपली तवा चर्चाच्या दारात चपलायजवळ उभी होती, टोपली कमरेवर. आत नाई आली. गाने ऐकाले आली होती म्हने.

हे होऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवसापासून त्या झाडाखाली काडी लागली नाई. झाड आहे, मी आहे. पहिले लोकं हासले, बुढीनं झाडाले साडी नेसवली म्हने. मंग दोन घरायनं अंथरल्या, मंग पाच. सगळ्यायनं नाई. अजूनही काई जन पहाटे काडी लावते अन् मले माहीत आहे कोन. मी त्यायचं नाव सांगत नाई, साडी नेऊन देते. संडे स्कूल अजून माझ्याकडंच आहे. तो धडा दर साली येते. लहान, जो झोपत होता, तो आता बारावीत आहे, त्याच्या घरी ती काळी झावळी भिंतीवर खिळ्याले लटकवली आहे. धड्याच्या दिवशी मी ती मागून आनते अन् टेबलावर ठेवते. नवीन लेकरं विचारते, हे काय? मंग मी कोनाचं नाई, माझं सांगते.

पन साड्या उन्हादवात टिकत नाई. दोन साल झाले का चिरते. म्हनून जो कोनी हे वाचन त्यायले माझं मागनं आहे: घरी जुनी साडी असन, नायलॉनची असली त आनखी बरं, सुती लवकर सडते, त फेकू नका, भांडेवालीले देऊ नका. तुमच्या जवळ जंगलाचं गाव असन तिथल्या एखाद्या मोह वेचनाऱ्या बाईले देऊन टाका. अन् देतांनी घरच्या बाईले विचारून द्या.